टपावरील कयाक : कॅम्पर व्हॅनवरून नौका वाहून नेण्यामागील यांत्रिकी आणि सुरक्षितता

प्रस्तावना

वाहनाच्या टपावरचे सामान महाराष्ट्राला नवे नाही. एस.टी.च्या टपावर चढविलेल्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या, मागच्या शिडीवरून वर जाणारा हमाल आणि काथ्याच्या दोराने आवळलेली ताडपत्री हे चित्र आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या स्मरणात असेल. या अनुभवातून एक समज आपल्या मनात खोल रुजला आहे. तो असा की, टपावरची वस्तू जड असेल तर ती आपल्याच वजनाने जागच्या जागी राहते, दोर केवळ तिला हलू देत नाही. ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या व लोखंडी ट्रंकेच्या बाबतीत हा समज बऱ्याच अंशी खराही ठरतो. मात्र वस्तू लांब, हलकी व निमुळती असेल आणि वाहनाचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे असेल, तर हाच समज घातक ठरू शकतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असे एक उदाहरण आहे. ब्रिटन, जर्मनी व उत्तर युरोपातील अन्य देशांत कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारगाडीच्या, टपावर कयाक बांधून समुद्रकिनाऱ्याकडे किंवा नदीकडे जाण्याची प्रथा रूढ आहे. पदवी वर्गाला यांत्रिकी शिकविताना बल, तरफ, घर्षण व प्रवाही पदार्थांचा दाब हे घटक सुटे सुटे शिकविले जातात. एका सामान्य कृतीत ते सर्व एकत्र कसे येतात, हे दाखविण्यासाठी मला हे उदाहरण उपयुक्त वाटले. स्कॉटलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या गाडीची छायाचित्रे पाठवून काही प्रश्न विचारले, त्यातून या लेखाची जुळवाजुळव झाली. विषय क्रीडेचा असला तरी मागच्या गाडीतून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

नौका, वाहन आणि प्रदेश

कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची नौका. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनविली जात असे. आज ती मुख्यतः पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची किंवा काचतंतू-रेझिनची असते. समुद्री कयाकची लांबी सामान्यतः ५ मीटरच्या आसपास, रुंदी ५५ ते ६० सेंटीमीटर आणि वजन २० ते ३० किलो असते. खळाळत्या नदीत वापरावयाची कयाक याच्या निम्म्या लांबीची, पण वजनाला जवळपास तेवढीच असते. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे, कारण समुद्री कयाकमध्ये धोका लांबीमुळे उद्भवतो.

कॅम्पर व्हॅनचा इतिहास फोक्सवॅगन कंपनीच्या ‘टाइप २’ या गाडीशी निगडित आहे. तिचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसविता येणारा गृहोपयोगी संच बाजारात आणला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कॅम्पर व्हॅन ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. एक, फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरसारखी सुमारे २ मीटर उंचीची गाडी, जिचे छप्पर मुक्कामाच्या जागी वर उचलता येते. दुसरी, फियाट डुकाटोसारखी सुमारे अडीच मीटर उंचीची, स्थिर छपराची गाडी. टपावर नौका नेण्याच्या दृष्टीने या दोहोंच्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

स्कॉटलंडमध्ये ही जोडी विशेष दिसते, त्यामागे भूगोल आहे तसा कायदाही आहे. ‘लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) अ‍ॅक्ट २००३’ या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतांश जमिनीवर व अंतर्गत जलाशयांवर सर्वांना प्रवेशाचा हक्क दिला, आणि त्यात वल्ह्याच्या नौकाही येतात. परिणामी दक्षिण इंग्लंडमधील मनुष्य लंडन ते ग्लासगो हे सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे अंतर मोटारमार्गाने कापून, पुढे अरुंद डोंगरी रस्त्यांनी पश्चिम किनाऱ्यापर्यंत नौका घेऊन जातो. म्हणजे एकाच प्रवासात अतिवेग, वादळी वारा, पाऊस आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या यांपैकी प्रत्येक गोष्टीला टपावरच्या बांधणीला तोंड द्यावे लागते.

वजन नव्हे, वारा

हवेचा गतिज दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण शिकवितो. त्याचे आकडे मात्र क्वचितच काढतो. समुद्रसपाटीवरील हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो धरली, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला हा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ न्यूटन येतो. ताशी १०० किलोमीटरला तो ४७३ न्यूटन, म्हणजे चौपट होतो. ब्रिटनमधील मोटारमार्गावरची ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची, वेगमर्यादा घेतल्यास तो ६०० न्यूटनवर जातो. समोरून ताशी ३० मैलांचा वारा असेल, आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तो असाधारण मानला जात नाही, तर गाडीच्या दृष्टीने हवेचा वेग १०० मैल होतो आणि दाब १,२२० न्यूटनच्या वर जातो. वेगमापकाचा काटा मात्र ७० वरच असतो. चालकाला काहीही बदललेले दिसत नाही आणि टपावरचे बल दुप्पट झालेले असते.

हे बल केवळ मागे ओढणारे असते तर प्रश्न सोपा होता. व्हॅनचे तोंड बोथट असते. समोरच्या काचेवर आदळलेली हवा वर वळते आणि काचेच्या वरच्या कडेपाशी तिरकी वर उसळते. कयाकचे पुढचे टोक नेमके त्याच जागी, काचेच्या वर अधांतरी असते. म्हणून नौकेवर वरच्या दिशेने उत्थापक बल निर्माण होते आणि त्याचा केंद्रबिंदू नौकेच्या मध्यापेक्षा पुढे असतो.

परिमाणाची कल्पना यावी म्हणून एक गृहीतकाधारित उदाहरण घेऊ. ५.२ मीटर लांब, २५ किलो वजनाच्या कयाकचे वरून दिसणारे क्षेत्रफळ सुमारे १.९ चौरस मीटर आहे आणि उत्थापक गुणांक ०.२ आहे, असे मानू. प्रत्यक्षात हा गुणांक नौकेचा आकार व तिचा कल यांनुसार बदलतो. ताशी ७० मैलांना उत्थापक बल सुमारे २२८ न्यूटन येते. नौकेचे वजन २४५ न्यूटन आहे. म्हणजे निवांत हवेतही ती जवळजवळ आपले वजन गमावून बसलेली असते. वर सांगितलेल्या समोरच्या वाऱ्यात हे बल ४६५ न्यूटनपर्यंत जाते, वजनाच्या सुमारे दुप्पट. ट्रंक टपावर पडून राहते, कयाकला उडावयाचे असते.

आता तरफेचा विचार करू. टपावर दोन आडवे दांडे आहेत आणि त्यांत २ मीटर अंतर आहे. उत्थापक बल पुढच्या दांड्याच्या ०.८ मीटर पुढे कार्य करते, असे धरू. मागच्या दांड्याभोवती परिणाम काढला तर पुढच्या दांड्यावरील वरची ओढ २२८ न्यूटन नव्हे, तर ३१९ न्यूटन येते. मागचा दांडा त्याच वेळी ९१ न्यूटन बलाने खाली दाबला जातो. समोरच्या वाऱ्यात पुढची ओढ ६५० न्यूटनच्या आसपास जाते. तीतून पुढच्या दांड्यावर येणारे नौकेचे निम्मे वजन वजा केले आणि दोन नौका धरल्या, तर पुढचा एकच दांडा हजार न्यूटनपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे १०८ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने वर उपटला जात असतो. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत टपाची जी क्षमता दिलेली असते, ती खाली दाबणाऱ्या भाराची असते. वर उपटणाऱ्या बलाविषयी पुस्तिका सहसा मौन बाळगते.

या विषयातील माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. बहुसंख्य लोक नौका दांड्याला घट्ट बांधली की काम झाले असे मानतात. परंतु नौका दांड्यावरून सुटण्याइतकीच दांडा टपावरून सुटण्याचीही शक्यता असते. अशा वेळी पट्टे शाबूत, गाठी शाबूत, नौका दांड्याला घट्ट धरून, आणि दांड्यासह सारा पसारा मागच्या गाडीच्या काचेवर, असे घडते. साखळीतील सर्वांत दुबळी कडी पट्टा नसून दांड्याचे पाय जेथे छपराला धरतात ती जागा असते. त्यामुळे नौका वाहनाशी एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन मार्गांनी जोडलेली असली पाहिजे : पट्टे–दांडा–छप्पर हा एक मार्ग, आणि नौकेच्या टोकापासून थेट वाहनाच्या सांगाड्यापर्यंत जाणारा दोर हा दुसरा.

छपराची मर्यादा

सामान्य मोटारीपेक्षा कॅम्पर व्हॅनचे छप्पर फसवे असते. मूळ पत्र्याचे छप्पर कापून तेथे वर उचलले जाणारे काचतंतूचे छप्पर बसविलेले असते. प्रवासात ते काही खटक्यांनी किंवा आतल्या पट्ट्यांनी खाली धरून ठेवलेले असते. दांडे याच छपरावर बसविले असतील तर वर काढलेले उपटणारे बल अखेर त्या खटक्यांवर येऊन पडते. गाडीचे रूपांतर करणाऱ्या कारागिराने छपराला रुळासारख्या पट्ट्या केवळ चिकटविल्या असतील, तर त्या चिकटद्रव्यावर. म्हणून दांडे शक्य तेथे मूळ बांधणीतील निश्चित बिंदूंवर, किंवा जुन्या गाड्यांना असलेल्या पन्हळीवर बसविणे श्रेयस्कर. उचलल्या जाणाऱ्या छपरावर किती भार चालेल आणि भारासह ते उचलता येईल काय, याचे उत्तर फक्त निर्माता किंवा रूपांतरकर्ता देऊ शकतो. त्याने तशी परवानगी दिलेली नसेल तर मुक्कामाला पोहोचताच प्रथम नौका उतरवावयाच्या आणि मगच छप्पर उचलावयाचे.

छपराच्या क्षमतेचे गणितही अनेकदा अपुरे मांडले जाते. समजा, चालत्या गाडीसाठी १०० किलोची मर्यादा आहे. दोन नौकांचे ५४ किलो, म्हणजे जवळपास निम्मी क्षमता शिल्लक, असा हिशेब केला जातो. परंतु दांड्यांचा संच २० किलो, नौकेचे आधार ८ किलो आणि बाजूला कायम बसविलेला सावलीचा कापडी मांडव २५ किलो धरला की बेरीज १०७ होते. त्यात पाऊस आला. सरळ ठेवलेल्या कयाकची बैठकीची पोकळी उघडी असेल तर ती पाणी साठविणारी बादलीच होय. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, आणि तेही वळणावर इकडून तिकडे हेलकावणारे. पोकळीवर झाकण बसवून ते वेगळ्या दोरीने अडकवावे, किंवा नौका पालथी न्यावी. उभ्या गाडीसाठी दिलेली क्षमता ही चालत्या गाडीच्या क्षमतेपेक्षा बरीच अधिक असते. छपरावर तंबू लावून झोपणाऱ्यांसाठी ती दिलेली असते, आणि ती प्रवासाला लावणे ही सरळ चूक आहे.

एकूण वजनाचीही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना सामान्य परवान्यावर साधारणतः ३,५०० किलो कमाल वजनाचेच वाहन चालविता येते. पाण्याची टाकी, गॅस, बिछाने, माणसे यांनी मोठी कॅम्पर व्हॅन त्या रेषेच्या बरीच जवळ आलेली असते.

गुरुत्वमध्याची भीती मात्र काहीशी अतिरंजित वाटते. २,८०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.९ मीटरवर आणि टपावरचा ७५ किलोचा भार २.३ मीटरवर धरला, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ४ सेंटीमीटरनेच वर सरकतो. उलटण्याविरुद्धची स्थिरता ४ टक्क्यांच्या आसपास कमी होते. वळणावर वेग कमी ठेवणे पुरेसे आहे. खरी अडचण आडव्या वाऱ्याची.

दांडे, आधार आणि पट्टे

आडवा वारा नौकेच्या टोकाला बाजूला ढकलतो. ५.२ मीटरच्या नौकेच्या टोकावर केवळ १०० न्यूटनचे आडवे बल आले आणि दांडे १ मीटर अंतरावर असतील, तर पुढच्या दांड्यापाशी ३१० न्यूटनची आडवी प्रतिक्रिया लागते. तेच दांडे २ मीटर अंतरावर असतील तर १८० न्यूटन पुरतात. लहान मोटारीच्या तुलनेत व्हॅनचा मोठा लाभ हाच की तिचे छप्पर लांब असल्याने दांडे दूर ठेवता येतात. तरीही अनेक गाड्यांवर सौर पट्टी आणि वायुवीजनाची खिडकी यांना जागा द्यावयाची म्हणून दांडे जवळ आणलेले दिसतात. भौतिकीच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा आहे.

नौकेचा तळ गोलसर असतो आणि उघड्या दांड्यावर तो एका रेषेत टेकतो. पॉलिएथिलीन उन्हात मऊ होते व सततच्या दाबाखाली हळूहळू बसते. त्यामुळे आकाराला जुळणारे रबरी किंवा फोमचे आधार हवेत आणि ते नौकेतील आडव्या पडद्यांच्या जवळ यावेत, कारण तेथे कवच सर्वाधिक भक्कम असते. इंग्रजी ‘जे’ या अक्षराच्या आकाराच्या आधारांत नौका कुशीवर ठेवली जाते. तिची कड ही तिची सर्वांत ताठ बाजू असल्याने हे तिच्या हिताचे आहे आणि जागाही वाचते. परंतु आडव्या वाऱ्याला अधिक क्षेत्रफळ मिळते आणि एकूण उंची वाढते. २ मीटर उंचीच्या गाडीवर हे सोसते, अडीच मीटरच्या गाडीवर नौका सपाट ठेवणे मला अधिक समंजसपणाचे वाटते.

पट्टा किती आवळावा, हा सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न. खटक्याच्या दातांनी पट्टा धरून ठेवणारे साधे कॅम बकल हाताच्या ओढीने आवळले जाते. प्रत्येक बाजूला ३०० न्यूटन ताण आला असे धरले, तर दोन पट्ट्यांच्या चार बाजूंचे १,२०० न्यूटन आणि नौकेचे वजन २४५ न्यूटन मिळून दांड्यांवरील दाब १,४४५ न्यूटन होतो. घर्षणांक ०.२५ घेतला तर नौकेला पुढे सरकू न देणारे घर्षण सुमारे ३६० न्यूटन मिळते. गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदनाने जोरदार ब्रेक लावल्यास २५ किलोच्या नौकेसाठी १९६ न्यूटन लागतात. हाताची ओढ पुरेशी आहे, हे यावरून दिसते. मात्र त्यातील सहाव्या हिश्शाहून थोडा अधिक दाब नौकेच्या वजनाचा आहे आणि उरलेला सर्व पट्ट्याच्या ताणाचा. पट्टा सैल होताच वाऱ्याने वजनही हिरावून घेतलेले असते, आणि घर्षण नाममात्र उरते.

पुरेशी ओढ मिळत असता लोक दात्यांच्या चाकाचे रॅचेट का वापरतात, याचे कारण मला ‘अधिक म्हणजे अधिक चांगले’ या वृत्तीत दिसते. मालवाहू ट्रकसाठी बनविलेले रॅचेट एका हाताने काही हजार न्यूटन ताण निर्माण करू शकते. काचतंतूच्या कवचाला त्याने भेगा जातात आणि प्लॅस्टिकच्या कवचाला खळगा पडतो. शिवाय खळगा पडू लागला की पट्ट्याचा मार्ग आखूड होतो व ताण आपोआप उतरतो. म्हणजे अतिरेकाने आवळलेला पट्टाच शंभर किलोमीटरनंतर सैल सापडतो. कडब्याची गाडी भरणारा शेतकरी दोर एकदाच जीव खाऊन ओढत नाही, थोडे चालून, कडबा बसला की पुन्हा ओढतो. कयाकच्या बाबतीतही पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून सर्व पट्टे पुन्हा तपासावेत, हा नियम अनुभवी लोक पाळतात.

पट्ट्याचा पदार्थही पाहावा. नायलॉन भिजले की ताणले जाते, पॉलिएस्टर फारसे ताणले जात नाही. म्हणून पावसाळी प्रदेशात पॉलिएस्टरचा पट्टा उचित. पट्टा नौकेवरून टाकून दांड्याखालून आतल्या बाजूने परत आणावा, जेणेकरून तो दांड्यावर सरकणार नाही. सपाट पट्ट्याच्या मोकळ्या भागाला एक-दोन पीळ द्यावेत. पीळ नसलेला पट्टा वाऱ्यात फडफडून मोठा घुमारा करतो. हा आवाज केवळ त्रासदायक नाही, त्या कंपनांनी खटका सैल होऊ शकतो.

टोकांचे दोर

आता दुसऱ्या स्वतंत्र मार्गाकडे येऊ. नौकेच्या पुढच्या व मागच्या टोकाला असलेल्या भक्कम कड्यातून दोर घेऊन तो वाहनाच्या सांगाड्याला, म्हणजे ओढण्याच्या हुकाला किंवा बॉनेटखाली पक्क्या केलेल्या पट्टीच्या फासाला बांधावयाचा. पुढच्या दोराने वर उपटणारे बल थेट सांगाड्यात उतरते आणि तरफेचा हात जवळपास नाहीसा होतो. नौकेवरील लवचीक दोऱ्या नकाशा किंवा वल्हे अडकविण्यासाठी असतात, त्यांना हा दोर कधीही बांधू नये.

व्हॅनच्या बाबतीत येथे एक भौमितिक अडचण येते. मोटारीला पुढे लांब बॉनेट असते, त्यामुळे दोर तिरका खाली उतरतो व पुढे-मागे सरकण्यालाही आळा घालतो. व्हॅनचे नाक आखूड असल्याने दोर जवळजवळ उभा उतरतो. तो उड्डाण रोखतो, सरकणे मात्र रोखत नाही. त्यासाठी नौकेच्या बैठकीच्या पोकळीच्या कडेतून किंवा बंदोबस्तासाठी दिलेल्या धातूच्या कड्यातून दांड्याला आणखी एक दोर घालावा लागतो. पुढचे दोर इंग्रजी ‘व्ही’सारखे दोन बाजूंना नेल्यास आडव्या वाऱ्यालाही उत्तर मिळते आणि चालकाच्या दृष्टीसमोरून दोर जात नाही.

पुढच्या दोराविषयी एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. दोर सुटला, लोंबकळला आणि पुढच्या चाकाखाली आला, तर चाक त्याला गुंडाळून नौकेचे टोक खाली खेचते व नौका मोडते. यावर दोर न बांधणे हा उपाय नसून दोराची मोकळी शेपटी इतकी आखूड ठेवणे, की ती चाकापर्यंत पोहोचूच नये, हा आहे. टोकांचे दोर हलके ताणलेले असावेत. ते फार आवळले तर नौका दोन दांड्यांवर धनुष्यासारखी वाकते.

उंची, लांबी आणि कायदा

ट्रान्सपोर्टरची २ मीटर उंची २.१ मीटरच्या अडथळ्याखालून जेमतेम निघून जाते, आणि अशा अडथळ्याखालून रोज जाणाऱ्या चालकाच्या अंगवळणी ती मोजणी पडलेली असते. नौकांसह उंची अडीच मीटर होते. डुकाटोसारखी गाडी तर कुशीवरच्या नौकांसह ३ मीटरच्या पुढे जाते, आणि ब्रिटनमध्ये ३ मीटरपेक्षा उंच वाहनात चालकाला दिसेल अशी उंचीची सूचना लावावी लागते. नौका चढवून झाल्यावर उंची प्रत्यक्ष टेपने मोजून ती कागदावर लिहून समोर चिकटविणे, हा कमी उंचीच्या गाडीसाठीही स्वस्त उपाय आहे. लॉक लोमंडच्या काठाने जाणाऱ्या ‘ए ८२’ रस्त्यावर एका बाजूला खडक व वर झाडे आहेत, तेथे नौका डाव्या कडेपेक्षा रस्त्याच्या मध्याकडील बाजूस ठेवलेली बरी. १९९५ मध्ये खुल्या झालेल्या स्काय बेटाच्या पुलावर वादळी वाऱ्यात उंच वाहनांना मनाई केली जाते. बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटींवर जागा राखताना भारासह लांबी व उंची सांगावी लागते.

ब्रिटनमधील १९८६ च्या वाहन बांधणी व वापर नियमांनुसार मागे १ मीटरहून अधिक बाहेर आलेला भार स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था करावी लागते आणि २ मीटरनंतर विशिष्ट फलक लावावे लागतात. जर्मन नियम अधिक बारकाईचे आहेत. तेथे अडीच मीटर उंचीपर्यंत भार वाहनाच्या पुढे येता कामा नये, त्यावर तो ५० सेंटीमीटरपर्यंत पुढे आलेला चालतो. मागे दीड मीटर, आणि १०० किलोमीटरच्या आतील प्रवासात ३ मीटरपर्यंत मुभा आहे. भार मागील परावर्तकांच्या १ मीटरहून अधिक मागे असेल तर किमान ३० सेंटीमीटर चौरस लाल निशाण किंवा तत्सम खूण लागते. फ्रान्सकडून इटली किंवा स्पेनमध्ये जाणाऱ्याला तिरक्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ५० सेंटीमीटर चौरस फलक जवळ बाळगावा लागतो. कायद्यात न लिहिलेली, पण हमखास घडणारी गोष्ट म्हणजे मागचा दरवाजा वर उघडणारा असेल तर तो नौकेच्या टोकावर आदळतो. नौका बांधण्यापूर्वी दरवाजा एकदा पूर्ण उघडून पाहावा.

चढविणे आणि उतरविणे

२५ किलोची, ५ मीटर लांब वस्तू अडीच मीटर उंचीवर नेणे हे काम दोघांचे आहे. एकट्याने करावयाचे असल्यास मागच्या कडेला रूळ किंवा रबरी चटई ठेवून प्रथम एक टोक टेकवावे व दुसरे टोक उचलून ढकलावे, म्हणजे कोणत्याही क्षणी निम्म्याहून अधिक वजन पेलावे लागत नाही. वायुदाबाच्या दांड्यांवर गाडीच्या बाजूला खाली येणारे आधारही मिळतात. थुले या स्वीडिश कंपनीचा असा आधार प्रसिद्ध आहे, पण उंच गाडीवर तो पुरेसा खाली पोहोचत नाही. वाऱ्याच्या दिवशी शेवटचा पट्टा आवळला जाईपर्यंत एकाने नौका सोडू नये, आणि उतरविताना पहिला पट्टा सोडण्यापूर्वी दुसऱ्याने ती धरलेली असावी. ओल्या शिडीवरून पाय घसरणे हा या छंदातला धोका प्रवासाइतकाच खरा आहे.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंगसोबत कयाकही रुळली आहे. त्यामुळे वरील विवेचन यापुढे केवळ परदेशापुरते राहील असे वाटत नाही. आपल्याकडे कायद्याची बाजू अधिक कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मधील पोटकलम १अ नुसार भार विहित मर्यादेपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आल्यास २०,००० रुपये दंड आणि भार उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे. महाविद्यालयांच्या क्रीडा व साहस विभागांनी जीपच्या टपावर ५ मीटरची नौका नेण्यापूर्वी ती गाडीच्या मापात बसते काय, हे प्रथम पाहावे. बसत नसेल तर कमी उंचीचा ट्रेलर किंवा टेम्पोचा बंदिस्त हौदा हा पर्याय आहे, आणि तेथे वाऱ्याचे वरील सारे गणितच उरत नाही. नदीतील आखूड कयाक मात्र जीपच्या टपावर मावते. तिला दोन पट्टे, पोकळीतून दांड्याला एक दोर, आणि टपाचे दांडे नेमके कशाला धरून आहेत हे वाकून पाहण्याची पाच मिनिटे, एवढी तजवीज लागते.